ऑर्किडमधला व्हायरस: ओळखायचा कसा, तपासायचा कसा आणि नंतर काय करायचं

ऑर्किडला एकदा व्हायरस लागला की तो झाड असेपर्यंत झाडात राहतो. बुरशीनाशक, तांब्याची फवारणी, निंबोळी अर्क, जीवामृत, यांतल्या कशाचाच त्याच्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे "याला काय मारू?" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. प्रश्न दोनच आहेत: या झाडात व्हायरस आहे का, आणि असेल तर तो शेजारच्या झाडात जाऊ नये म्हणून मी काय करू?

गोव्यात गेल्या काही वर्षांत ऑर्किडची हौस खूप वाढली आहे. बाल्कांवात टांगलेली डेंड्रोबियम, माडाच्या बुंध्याला बांधलेल्या वांडा, शेडनेटखाली फुलांसाठी लावलेली मोकारा असं सगळीकडे दिसतं. बहुतेक रोपं बाहेरून येतात, हातोहात फिरतात, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे एकेक फुटवा जातो. ही देवाणघेवाण मला फार प्रिय आहे. ती निर्धास्तपणे चालावी म्हणून हा लेख लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगते. डोळ्यांनी फक्त संशय घेता येतो, निर्णय देता येत नाही. डागाळलेलं झाड निरोगी असू शकतं आणि फुलांनी लवलेलं झाड आजारी असू शकतं. यातला दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्या झाडावर कुणाला शंका येत नाही आणि त्याच्यावर चाललेली कातर तशीच पुढच्या झाडावर जाते.

मुख्य आरोपी दोन

ऑर्किडमध्ये अनेक विषाणू सापडले आहेत, पण जगभर सर्वांत जास्त आढळणारे दोनच: सिंबिडियम मोझॅक व्हायरस आणि ओडोन्टोग्लोसम रिंगस्पॉट व्हायरस. पुढे त्यांना मोझॅक आणि रिंगस्पॉट म्हणू. नावांवर जाऊ नका. हे दोघे फक्त सिंबिडियम किंवा ओडोन्टोग्लोसम या जातींपुरते नाहीत. कॅटलिया, फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, वांडा, ऑन्सिडियम, सगळीकडे शिरतात. मोझॅक भारतात व्हॅनिलाच्या वेलींतही सापडला आहे, तेव्हा कुळागरात पोफळीवर व्हॅनिला चढवली असेल आणि तीच कोयती ऑर्किडलाही लावत असाल, तर हा लेख तुमच्यासाठीही आहे.

या दोघांना पसरवणारी कीड माहीत नाही. ते पसरतात झाडाच्या रसातून, आणि तो रस बहुतेक वेळा आपणच नेतो: सुरीवरून, कातरीवरून, नखांवरून, जुन्या कुंडीतून, एका झाडाच्या जखमेतून दुसऱ्याच्या जखमेत झिरपणाऱ्या पाण्यातून. रिंगस्पॉट हा तंबाखूच्या प्रसिद्ध मोझॅक व्हायरसच्या कुळातला आहे आणि त्या कुळाचा चिवटपणा त्याच्यात पुरेपूर उतरला आहे. सुकलेल्या रसातही तो दीर्घकाळ टिकतो आणि तो निकामी व्हायला ९० ते ९५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. मोझॅक त्या मानाने नाजूक, साधारण ६० ते ७० अंशांना हार मानतो. दोन्ही एकाच झाडात एकत्र आले तर लक्षणं अनेकदा जास्त तीव्र होतात.

बाकीच्यांपैकी ऑर्किड फ्लेक व्हायरस चपट्या कोळ्यांमार्फत (पानावरची अगदी बारीक कीड) पसरतो आणि पानांवर पिवळे ठिपके किंवा कडी उमटवतो. फुलकिड्यांमार्फत येणारे काही विषाणू फॅलेनॉप्सिसच्या पानांवर पिवळसर वर्तुळं काढतात, आणि मावा आणतो तो काकडीचा मोझॅक व्हायरस, आपल्या मोझॅकहून वेगळा. म्हणजे कीड आवरणं इथेही कामाचं आहे, पण पहिल्या दोन विषाणूंविरुद्ध कीटकनाशकाचा काही उपयोग नाही.

डोळ्यांनी काय पाहायचं

पाहणीसाठी ऋतू निवडा. भर पावसात गोव्यातलं प्रत्येक पान काही ना काही दाखवत असतं. बुरशी, बॅक्टेरिया, गोगलगायींनी कुरतडलेल्या कडा, सगळं एकत्र. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, जुने बुरशीचे डाग थांबलेले असतात, नवी पानं तयार झालेली असतात आणि अनेक झाडं फुलांवर येतात.

पान हातात धरून उजेडाकडे करा. मोबाईलचा टॉर्च पानाच्या मागे धरला तरी चालतं. सिंबिडियमच्या कोवळ्या पानात मोझॅक असेल तर फिकट हिरव्या, लांबट, अनियमित पट्ट्या अशा मागून आलेल्या उजेडात स्पष्ट दिसतात. वरून पाहिलं तर त्या हुकतात. पान जुनं होत गेलं की त्याच पट्ट्या तपकिरी, मग काळ्या आणि किंचित खोलगट होतात. कॅटलियाचं पान उलटून पाहा, कारण तिथे काळसर रेघा आणि खळगे बहुधा खालच्या बाजूला आधी येतात. फॅलेनॉप्सिसमध्ये फिकट, दबलेले, खळगे पडल्यासारखे चट्टे येतात आणि पुढे ते काळे पडतात. डेंड्रोबियम फसवं आहे: अनेकदा काहीच दाखवत नाही, फक्त दरवर्षी कांड थोडं बारीक आणि फुलं थोडी कमी. रिंगस्पॉट कधी कधी पानावर एकात एक कडी काढतो, पण कडी नाहीत म्हणून तो नाही असं समजू नका.

फुलांकडे जास्त लक्ष द्या. दोन गोष्टी बघायच्या. पहिली, रंग तुटणं: पाकळीच्या मूळ रंगात गडद आणि फिकट यांचे वेडेवाकडे पट्टे, दोन पाकळ्यांवर न जुळणारे, कधी पाकळी वाकडी किंवा जाडसर. हे रिंगस्पॉटचं नेहमीचं चिन्ह. दुसरी, फूल उघडलं तेव्हा निर्मळ होतं आणि आठवडाभराने किंवा त्यानंतर पाकळ्यांवर तपकिरी डाग आणि रेघा उमटल्या. कॅटलियात हे मोझॅककडे बोट दाखवतं.

इथे घाई होते ती अशी. डेंड्रोबियम सोनियाचं फूल जांभळं आणि मध्ये पांढरं असतं, तो त्याचा जन्मजात रंग आहे. काही कॅटलियांच्या पाकळ्यांवर गडद रंगाचा फटकारा असतो, तोही वाणाचाच गुण. खरी खूण अशी की वाणाची नक्षी प्रत्येक फुलात आणि दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांत बरीचशी सारखी येते, व्हायरसची नक्षी प्रत्येक फुलात वेगळी. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची जी महागडी रोपं मिळतात त्यांचे पट्टे बहुधा पानाच्या लांबीने सरळ आणि कडा स्वच्छ असलेले असतात. तरी माझं मत विचाराल तर अशी रोपं तपासल्याशिवाय संग्रहात मिसळू नयेत.

व्हायरससारखं दिसणारं, पण व्हायरस नसलेलं

गोव्यात ज्या डागांना व्हायरस म्हटलं जातं त्यांतले कितीतरी खालच्या यादीतले निघतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

ऊन लागलेलं पान: चार महिने ढगाखाली वाढलेल्या पानावर ऑक्टोबरचं ऊन थेट पडतं आणि सूर्याकडे वळलेला भाग आधी पांढुरका, मग तपकिरी, कागदासारखा होतो. डाग एकाच बाजूला असतो आणि तिथेच थांबतो. आठवडाभर रोज पाहा, वाढत नसेल तर झाड हलवा आणि विसरून जा.

बॅक्टेरियाची कूज: पाणी भरल्यासारखा, पारदर्शक दिसणारा डाग, जो दोन-तीन दिवसांत पसरतो आणि कधी कधी घाण वास देतो. व्हायरस असा धावत नाही आणि पान मऊ करून सडवत नाही.

वांडा आणि मोकारावरचे खरखरीत ठिपके: पानावरून बोट फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखं लागलं, काळपट लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचे उंचवटे जाणवले, तर ती बुरशी. उष्ण दमट हवेत वांडांना ती फार लागते. व्हायरसचा डाग सहसा खोलगट असतो, खरखरीत नसतो. बोटाने केलेली ही तपासणी मला कुठल्याही फोटोपेक्षा विश्वासाची वाटते.

कोळी आणि फुलकिडे: पान चांदीसारखं फिकट, बारीक टोचल्यासारखं दिसतं. ओला पांढरा टिश्यू पानाच्या खालच्या बाजूवर फिरवा. लालसर-तपकिरी रेघ उमटली तर कोळी. बारीक काळे विष्ठेचे ठिपके आणि वेड्यावाकड्या पाकळ्या दिसल्या तर फुलकिडे. अर्थात कोळी सापडले म्हणजे फ्लेक व्हायरसची शक्यता संपली असं नाही.

नव्या पानाचं टोक काळं पडत असेल तर कॅल्शियमची कमतरता तपासा. सगळ्यांत जुनं, खालचं पान पिवळं पडून गळणं नैसर्गिक आहे. आपल्या घाटातल्या काही डेंड्रोबियम पावसानंतर पानं टाकून उघड्या कांड्यांवर फुलतात, त्यांच्या पिवळ्या पानांनी घाबरून जाऊ नये.

हे सगळं वगळूनही संशय उरला, तर पुढची पायरी.

पहिलं काम: झाड बाजूला काढा

तपासणीची वाट न पाहता संशयित झाड वेगळं ठेवा. वेगळं म्हणजे दुसऱ्या ओळीत नव्हे. त्याचं पाणी कुणावर ठिबकणार नाही अशा सर्वांत खालच्या जागी, पानं कुणाला घासणार नाहीत इतक्या अंतरावर. टांगलेल्या कुंड्यांची उतरंड असेल तर हे विशेष महत्त्वाचं. पाणी घालताना, पाहताना, फोटो काढताना या झाडाचा नंबर शेवटी. आणि तपासणी होईपर्यंत त्याच्यावर सुरी चालवायची नाही, तपासणीचा तुकडा काढण्यापुरती सोडून.

कोणती झाडं तपासायची

घरी वापरायची तपासणी पट्टी (ती कशी चालते ते पुढे) स्वस्त नाही, त्यामुळे प्रत्येक कुंडीला एकेक लावणं बहुतेकांना परवडत नाही. माझा क्रम असा: आधी ज्या झाडाचे फुटवे वेगळे करून वाटायचे आहेत ते, कारण त्याच्या रोगाचे वारस तयार होतात. मग संकरासाठी वापरायचं झाड, कारण बाधित फुलाचा पराग दुसऱ्या झाडाला लावणं म्हणजे रस लावण्यासारखंच आहे. मग बाहेरून आलेलं, फुटव्यापासून वाढवलेलं जुनं झाड. लक्षणं दाखवणारं झाड त्यानंतर. शेवटच्याला मागे ढकलणं विचित्र वाटेल, पण ते आधीच बाजूला काढलेलं आहे, थांबू शकतं. मे महिन्यात मृगाआधी कुंड्या बदलायची सगळ्यांची धांदल असते. तपासणी त्या आधी, एप्रिलमध्ये उरकून घ्या. चार-पाच जणींनी मिळून पट्ट्यांचा डबा मागवला तर खर्च वाटला जातो आणि मुदत संपून वायाही जात नाही.

नमुना घेण्याची पद्धत

व्हायरस झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एकाच झाडाच्या एका पानात भरपूर आणि दुसऱ्यात जवळजवळ नाही, असं होतं. म्हणून तुकडा कुठून घेतला यावर निकाल अवलंबून असतो.

पूर्ण वाढलेलं पण म्हातारं न झालेलं पान निवडा. डाग असेल तर डागाच्या कडेचा जिवंत हिरवा भाग घ्या, मेलेला काळा नको. झाड मोठं असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या फुटव्यांवरून छोटे तुकडे घेऊन एका झाडाचा एक नमुना करा. फूल असेल तर पाकळीही चालते आणि पान कापायचं वाचतं. पान धुवून कोरडं करा, नवं दाढीचं पातं घ्या, तुकडा कापा आणि ते पातं तिथेच टाकून द्या. दुसऱ्या झाडाला दुसरं पातं, दुसरे हातमोजे आणि खाली वर्तमानपत्राचा दुसरा कागद. एक-दोन महिन्यांपूर्वीच लागण झाली असेल तर पट्टी ती पकडेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवा.

घरी वापरायची पट्टी

ही पट्टी कोविडच्या घरगुती चाचणीसारखीच चालते. तिच्यावर त्या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. रस पट्टीवर चढत जातो, विषाणू असला तर रंगीत कण त्या रेघेवर अडकतात. ऑर्किडसाठी मोझॅक आणि रिंगस्पॉट दोन्ही एकाच पट्टीवर दाखवणारा प्रकार मिळतो, तोच घ्या.

पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरण्याआधी बंद डबा तसाच बाहेर काढून अर्धा तास राहू द्या. थंडगार डबा आपल्या दमट हवेत उघडला की आत बाष्प जमतं आणि उरलेल्या पट्ट्या खराब होतात. एक पट्टी काढून झाकण लगेच घट्ट लावायचं, आतली बाष्प शोषणारी पुडी टाकायची नाही.

सोबत मिळणाऱ्या जाळीच्या पिशवीत द्रव असतो. साधारण ३ मिलीलिटर द्रवाला ०.१५ ग्रॅम पान, म्हणजे एकास वीस असं प्रमाण असतं, पण तुमच्या डब्यावरच्या सूचना त्यावर वरचढ. दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा असेल तर एकदा मोजून तेवढ्या पानाचा आकार डोळ्यांत भरून घ्या. जास्त पान घातलं म्हणजे निकाल चांगला येतो असं नाही. दाट, चिकट रस पट्टीवर नीट चढत नाही आणि रेघा पुसट येतात. ऑर्किडचं पान चिवट असतं, म्हणून तुकडा जाळीच्या दोन थरांमध्ये ठेवून पिशवीवरून बोथट पेनाच्या मागच्या टोकाने चांगला रगडा, द्रव हिरवट होईपर्यंत. पिशवी फाटू देऊ नका, तो रस संसर्गजन्य असू शकतो.

मग पट्टी खुणेपर्यंतच बुडवून पिशवी उभी ठेवा. खुणेच्या वर बुडवली तर ती वाया जाते. जोरदार लागण असेल तर पाच-दहा मिनिटांत रेघ दिसते, पण नाही म्हणण्याआधी सूचनेत दिलेला पूर्ण वेळ, साधारण ३० मिनिटं, थांबलंच पाहिजे. निकाल त्या वेळेतच वाचा. तासाभराने सुकलेल्या पट्टीवर दिसणाऱ्या सावलीवर विसंबू नका.

वाचताना आधी नियंत्रण रेघ. ती उमटली नाही तर चाचणी झालीच नाही, नवी पट्टी घ्या. ती उमटली आणि मोझॅकच्या किंवा रिंगस्पॉटच्या जागी रेघ आली, मग ती कितीही फिकट असो, निकाल होकारार्थी. फिकट रेघ आली की लोक मनाची समजूत घालतात की जरासाच असेल. जरासाच व्हायरस म्हणून काही नसतं. शंका असेल तर त्याच झाडाच्या दुसऱ्या पानावर पुन्हा चाचणी करा. फक्त नियंत्रण रेघ आली तर आजच्या तुकड्यात हे दोन विषाणू पकडण्याइतके नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. झाड महत्त्वाचं असेल तर तीन-चार महिन्यांनी, नवं पान आल्यावर पुन्हा तपासा.

शेवटी पिशवीवर तारीख, झाडाचं नाव आणि निकाल लिहून फोटो काढा. झाडाच्या पाटीवर मिटणार नाही अशा पेन्सिलने तारीख टाका. वर्षभराने आठवत नाही.

प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर

पट्टी फक्त तिच्यावर लिहिलेले विषाणू ओळखते. लक्षणं स्पष्ट आहेत आणि पट्टी नाही म्हणते, किंवा फ्लेक व्हायरसचा संशय आहे, तर प्रयोगशाळेची वाट धरा. तिथे दोन प्रकार होतात. एलायझा तेच प्रतिपिंडांचं तत्त्व वापरते, पण एकाच वेळी अनेक नमुने तपासता येतात आणि रंगाची तीव्रता यंत्राने मोजली जाते. व्यावसायिक शेडनेटवाल्यांना ते सोयीचं. आरटी-पीसीआर सर्वांत संवेदनशील: हे दोन्ही विषाणू आरएनएचे असल्यामुळे आधी आरएनएचं डीएनएत रूपांतर करून मग त्याच्या असंख्य प्रती काढतात, म्हणून अगदी थोडा विषाणूही सापडतो.

गोव्यातून सुरुवात करायची तर जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे आणि आपल्या विभागीय कृषी कार्यालयात आधी चौकशी करा. ऑर्किडसाठीचं परिषदेचं स्वतंत्र केंद्र सिक्कीममध्ये पाक्योंगला १९९६पासून आहे, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत वनस्पती विषाणूशास्त्राचं प्रगत केंद्र आहे. फोनवर तीन गोष्टी विचारा: खासगी नमुना घेता का, कोणते विषाणू तपासता, आणि पान कसं पाठवायचं. पान कोरड्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात थंड पिशवीसोबत, आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा. ओल्या कापडात गुंडाळलेलं पान गोव्याहून दिल्लीला पोचेपर्यंत सडतं.

पट्ट्या येण्याआधीच्या काळात सूचक वनस्पतींवर तपासणी करत, आणि ती अजूनही शिकण्यासारखी आहे. मोझॅकसाठीची एक नावाजलेली सूचक वनस्पती म्हणजे रस्त्याकडेला उगवणारा कासविंदा. संशयित पान थोड्या पाण्यात वाटून, कासविंद्याच्या पानावर अतिशय बारीक कार्बोरंडम पावडर (पानावर सूक्ष्म ओरखडे पाडणारी) भुरभुरून, तो रस हलक्या बोटाने चोळायचा आणि लगेच पान धुवायचं. व्हायरस असेल तर काही दिवसांत चोळलेल्या पानावर बारीक मेलेले ठिपके उठतात. शेजारी एक पान नुसतं पाणी आणि पावडर चोळून ठेवा, तुलनेला. किनोवाची रोपंही अशाच कामाला येतात. ठिपके आले तर तो मोठा इशारा. आले नाहीत तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलांकडून करून घ्यायला हा प्रयोग सुंदर आहे.

निकाल "हो" आला तर

माझं स्पष्ट मत: बाजारात सहज मिळणारं झाड असेल तर नष्ट करा. कंपोस्टमध्ये नको, परसातल्या खड्ड्यात नको, रानात तर मुळीच नको. पिशवीत बांधून उन्हात सुकवा आणि जाळा, किंवा बंद पिशवीतच कचऱ्यात द्या. सोबतचं सोडण (नारळाचं साल), कोळसा, नेचाची मुळं, सगळं त्याच्याबरोबर. ते धुऊन वापरण्यात अर्थ नाही.

दुर्मीळ वाण असेल, आजीने लावलेलं असेल, मन होत नसेल, तर ठेवा. पण मग ते कायमचं वेगळं, त्याची सुरी वेगळी, कुंडीला लाल दोरा बांधलेला, आणि त्याचा एकही फुटवा कुणाला द्यायचा नाही. विचारणाऱ्याला खरं सांगायचं. टिश्यू कल्चरने, वाढीच्या अगदी टोकाची सूक्ष्म गाठ घेऊन, व्हायरसमुक्त रोपं मिळवता येतात, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे आणि तिथेही प्रत्येक रोप पुन्हा तपासावं लागतं. टिश्यू कल्चरचं लेबल म्हणजे व्हायरसमुक्ततेचा दाखला नव्हे. बियांपासून बाटलीत वाढवलेली रोपं मात्र बरीच सुरक्षित, कारण हे दोन विषाणू सहसा बीमार्गे पुढच्या पिढीत जात नाहीत.

सुरी, कातर, कुंडी

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. स्पिरिटने पुसलेली कातर शुद्ध झाली असं अनेकजण मानतात. सॅनिटायझर आणि स्पिरिट बॅक्टेरियांसाठी ठीक, पण रिंगस्पॉटसारख्या चिवट विषाणूवर त्याचा भरवसा नाही. फेणीत बुडवणाऱ्यांनी फेणी वाचवावी.

भरवशाचे मार्ग असे. एक, प्रत्येक झाडाला नवं पातं. सर्वांत सोपं, सर्वांत चांगलं. दोन, ज्योत: आधी चिकटलेला रस पुसून काढा, मग पात्याच्या दोन्ही बाजू गॅसच्या किंवा ब्लो टॉर्चच्या ज्योतीत चांगल्या तापवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. नुसतं ज्योतीवरून फिरवणं पुरत नाही. तीन, ब्लीच: घरगुती सोडियम हायपोक्लोराइट एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात १० मिनिटं. द्रावण त्याच दिवशी करायचं, उरलेलं टाकायचं. ते धातू गंजवतं, म्हणून नंतर धुवून पुसून तेल लावा. ब्लीच कधीही अ‍ॅसिडमध्ये किंवा संडास साफ करायच्या द्रावणात मिसळू नका, विषारी वायू निघतो. चार, ट्रायसोडियम फॉस्फेटचं दाट द्रावण, पण हातमोजे घालून, कारण ते कातडी पोळतं.

हातांसाठी दुधाची पावडर हा ऐकायला अजब पण अभ्यासलेला उपाय आहे. तंबाखूच्या मोझॅक व्हायरसवरच्या प्रयोगांत साय काढलेल्या दुधाच्या पावडरचं २० टक्के द्रावण, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम, प्रसार रोखायला उपयोगी ठरलं. दुधातली प्रथिनं विषाणूभोवती चिकटतात. झाडाझाडांच्या मध्ये हात त्यात बुडवता येतात, दिवसाअखेर फेकून द्यायचं.

मातीच्या कुंड्या आणि कौलांचे तुकडे घासून, प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर २० मिनिटं ठेवले तर पुन्हा वापरता येतात. नुसत्या उकळत्या पाण्यावर मी थांबत नाही, कारण रिंगस्पॉटची सहनशक्ती उकळबिंदूच्या फार जवळ आहे. प्लास्टिकच्या कुंड्या घासून ब्लीचमध्ये भिजवा. चिऱ्याच्या ओट्यावर काम करत असाल तर वर्तमानपत्र अंथरा, कारण सच्छिद्र चिऱ्यात शिरलेला रस निघत नाही.

नवं झाड घरात आणताना

म्हापशाच्या बाजारातून, नर्सरीतून किंवा मैत्रिणीकडून आलेलं प्रत्येक झाड दोन-तीन महिने वेगळ्या जागी राहू द्या. त्याला लगेच कुंडी बदलायची गरज असेल तर ती संग्रहापासून दूर, वेगळ्या पात्याने. पहिलं नवं पान पूर्ण वाढलं की ते उजेडात धरून बघा, पट्टी असेल तर तेव्हा लावा.

आणि एक विनंती, जी या विषयापासून वेगळी नाही. मोले, नेत्रावळी, खोतिगाव, म्हादई या भागांतल्या झाडांवर सीतेची वेणी, सुंदर एरिडिस, कितीतरी डेंड्रोबियम आहेत. अभयारण्यातून ती काढणं बेकायदा आहेच. त्याच्या उलट बाजूचाही विचार करा. रानालगतच्या घरांत राहणाऱ्यांनी बागेतलं बाधित झाड "निदान जगेल तरी" म्हणून रानातल्या आंब्याला बांधू नये, आणि वादळात पडलेल्या फांदीवरची रानातली आमरी (म्हणजे ऑर्किड) वाचवायची असेल तर बागेतल्या कातरीने तिला हात लावू नये. पडलेल्या फांदीचा तुकडा आमरीसकट उचलून शेजारच्या उभ्या झाडाला सुतळीने बांधला की काहीच कापावं लागत नाही. सुतळी पावसात कुजून जाते तोवर मुळं साल धरतात.